आमच्या कुत्र्याचा शनिवार

दिल्लीत आर. के. पुरममधल्या आमच्या सरकारी क्वार्टरला मागे एक चिंचोळं अंगण आहे आणि त्या अंगणाचं दार गल्लीत उघडतं. कुत्रा घरात आल्यापासून रोज सकाळी सहाला मी ते दार उघडायची आणि तो निघून जायचा. साडेआठला, मी ऑफिससाठी घराबाहेर पडायच्या आत, हजर. शनिवारी-रविवारी मला सुट्टी, पण त्याचं वेळापत्रक तेच. आमच्या खात्यात इतका वक्तशीर एकही माणूस नाही.

कॉलनीत यावरून कुरबूर होतीच. एकदा मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी विषय काढला की पाळीव जनावरं साखळीशिवाय फिरवू नयेत. मी उठून उभी राहिले. मी सांगली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावात वाढले. तिथे कुत्र्यांना दिवसभर गाव मोकळं असायचं, भाकरीच्या वेळेला ती आपापल्या दारात यायची. मी म्हटलं, कुत्ता कोई फाइल नहीं है, जो फीता बाँधकर अलमारी में रख दें. लोक हसले. विषय पुढच्या मीटिंगवर गेला आणि तिथेच राहिला. मला फार बरं वाटलं होतं त्या दिवशी.

तसा तो होताही देखणा. नाकापासून शेपटीपर्यंत काळाभोर, पांढरा ठिपका म्हणून नाही. गल्लीत येणारे-जाणारे थांबून त्याच्याकडे बघायचे, काहीजण तर हात जोडायचे. मला वाटायचं, उत्तरेकडचे लोक, जरा जास्तच अदबशीर.

त्याची एकच खोड होती. शनिवारी तो जेवायचा नाही. वाटीतला दहीभात हुंगायचा, मान फिरवायचा आणि पंख्याखाली जाऊन आडवा व्हायचा. पहिल्यांदा मला काळजी वाटली. मग माझ्या नवऱ्याच्या लक्षात आलं की हे दर शनिवारीच होतं, आणि तो म्हणाला, "मारुतीचा उपास करतोय लेकाचा." माझ्या सासरी शनिवारचा उपास पिढ्यान् पिढ्या चालत आलेला, त्यामुळे आम्हाला ही गंमत इतकी पटली की विचारू नका. पुण्याला फोन करून सासूबाईंना सांगितलं, तर त्यांनी त्याच्यासाठी म्हणून साबुदाण्याच्या पापड्या पाठवल्या. दिल्लीतच वाढलेली माझी मुलगी मैत्रिणींना सांगायची, "आमचा डॉगी बिल्कुल धार्मिक आहे यार, सॅटर्डेला फास्ट ठेवतो." दीड वर्ष आम्ही हसत होतो. या काळात तो गोल होत गेला, तेव्हाही आम्ही म्हटलं, उपासाचं खाऊनच माणूस सुटतो.

मार्चमधल्या एका रविवारी तो सकाळपासून ओकत होता. पुढचे पाय जमिनीला, मागचा भाग वर, अशा विचित्र अवस्थेत तो अंगणात उभा होता आणि कण्हत होता. रिक्षात घालून त्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट दाबलं तसा तो किंचाळला. रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. स्वादुपिंडाला जबर सूज होती.

"तेल, घी, मीठा, कितना देते हैं?" डॉक्टरांनी विचारलं.

मला राग आला. माझ्या घरात त्याला भात, दही आणि बिनमिठाचं उकडलेलं चिकन मिळतं, असं मी ताडकन सांगितलं. वर हसून म्हटलं, शनिवारी तर तो काहीच खात नाही, व्रत करतो.

डॉक्टरांनी लिहिता लिहिता मान वर केली. "काला कुत्ता, शनिवार, और भूखा? दिल्ली में?" मग माझा चेहरा बघून ते हळू आवाजात म्हणाले, "मैडम, आपको सच में नहीं पता?"

मला खरंच माहीत नव्हतं. चौदा वर्षं या शहरात राहून मला एवढंच ठाऊक होतं की शनिवारी तेल वाहतात. आमच्याकडे मारुतीला, शनीला. इथे ते तेल पोळीला चोपडतात आणि ती पोळी काळ्या कुत्र्याला घालतात, साडेसाती उतरावी म्हणून, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, यावेळी वाचेल, पण असं परत झालं तर माझ्याकडे आणूनही उपयोग होईल असं नाही.

पाच दिवस सलाईन लावून तो उठला. पुढच्या शनिवारी मी आयुष्यात पहिल्यांदा त्याला साखळी लावून बाहेर काढलं आणि तो नेईल तिकडे गेले. तो मला ओढत नेत होता. पिंपळाच्या पारावर एक निवृत्त गृहस्थ स्टीलच्या डब्यात जिलेबी घेऊन बसलेले. बस स्टॉपच्या मागे दोन बायका. कोपऱ्यावरच्या देवळाबाहेर तर रांगच होती, प्रत्येकाच्या हातात मोहरीच्या तेलाने पिवळ्या झालेल्या पोळ्या. सगळे त्याची वाट बघत होते. आणि मला विचारत होते, आप कौन? मी म्हटलं, हा माझा कुत्रा आहे. एक बाई म्हणाली, "आपका? हम तो समझे इसका कोई नहीं." मी त्याच्या गळ्यातला पट्टा दाखवला. ती म्हणाली, वो तो किसी भक्त ने पहनाया होगा.

मी रस्त्यात उभी राहून त्यांच्यावर ओरडले, पण ओरडताना मनात दुसरंच चाललं होतं. रोज अडीच तास तो कुठे असतो, हे दीड वर्षात मी एकदाही बघितलं नव्हतं. स्वातंत्र्य वगैरे मीटिंगमध्ये बोलायला ठीक होतं. खरं कारण असं की सकाळी साखळी घेऊन फिरण्यापेक्षा दार उघडणं सोपं होतं आणि तेवढ्या वेळात माझे दोन कप चहा होत होते.

घरी आले तर जिन्यात वरच्या मजल्यावरची शेजारीण उभी होती. कानपूरची, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. तिच्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या गेलेल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. तिच्याही हातात ताटली होती. "दीदी, पंडितजी ने इक्कीस शनिवार बोले हैं," ती म्हणाली. "उन्नीस हो गए. बस दो बचे हैं."

मी तिला डॉक्टरांचा कागद दाखवला. ती बघतच राहिली, म्हणाली, छोटी-सी रोटी है. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "भाई साहब का इलाज अस्पताल में कराइए, मेरे कुत्ते के पेट में नहीं." ती ताटली घेऊन वर गेली. हे वाक्य मला आजही आठवतं आणि लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती.

पुढचे सहा दिवस तो साखळीवर होता. सातवा दिवस शनिवार. सकाळी सात वाजता गॅसवाला आला, मागच्या दाराने. सिलिंडर आत ठेवून त्याने ओटीपी मागितला. मी फोन शोधायला आतल्या खोलीत गेले. फोन उशीखाली होता. मेसेज उघडून आकडे मोठ्याने वाचत बाहेर आले, तोवर दार सताड उघडं होतं आणि अंगण रिकामं.

मी गाऊनवरच धावले. पारावर नाही, देवळापाशी नाही. पाऊण तासाने तो आपणहून रमतगमत आला, तोंडाला पाक लागलेला, मिशांना तेल. शेपूट हलवत माझ्या पायांशी बसला. इतकं खूश मी त्याला त्या आठवड्यात बघितलं नव्हतं. नवरा म्हणाला, "चल, आधी डॉक्टरकडे जाऊ." आम्ही लगेच गेलो. तरी रात्रीपर्यंत तो परत तसाच वाकडा उभा राहिला आणि सोमवारी दुपारी गेला.

मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बुधवारी म्हणाली, "आई, तू डोअर लावायला हवं होतंस." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

कॉलनीतली माणसं भेटायला आली. ज्यांनी घातलं तीच, मला खात्री आहे. कोणी डोळे पुसले, कोणी म्हणालं, शनिदेवाचा जीव होता, त्यांच्याकडेच गेला. मी सगळ्यांना चहा दिला. भांडायची ताकद उरली नव्हती.

वरची शेजारीण शुक्रवारी संध्याकाळी आली. बसली नाही. दारातच रडायला लागली, आणि ते रडणं खोटं नव्हतं.

"दीदी, उस दिन मैंने भी दी थी," ती म्हणाली. "वो खुद सीढ़ी चढ़कर आया. मैं मना नहीं कर पाई. वो बीसवीं थी."

मी ऐकत होते. मला वाटलं आता ती माफी मागेल, आणि माफ करायचं की नाही हे मी ठरवत होते. पण ती डोळे पुसून, नजर खाली ठेवून म्हणाली, "कल आख़िरी है. आपको कोई और काला कुत्ता पता है?"

दार तिच्या तोंडावर आपटायला हवं होतं. निदान गप्प तरी बसायला हवं होतं. जिन्यात वरून तिच्या नवऱ्याचा खोकला ऐकू येत होता.

"मार्केटच्या मागे, भाजीच्या गाड्यांपाशी एक असतो," मी तिला हिंदीत सांगितलं. "पूर्ण काळा आहे. कोणाचा नाही तो."

तिने माझा हात दाबला आणि ती वर गेली. तो कोणाचा नाही, हे मी त्याला एकदाच, ऑटोतून जाताना बघून ठरवलं होतं.