बारावी अधोली

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आले. घरात गणिताचे मास्तर असले, की कुणाच्या अंगात आलेलंसुद्धा तपासून घ्यावं लागतं! त्यामुळे हे लिहिताना मलाच थोडं ओशाळल्यासारखं होतंय... पण घडलं ते घडलं, आणि आम्हा नवरा-बायकोच्या डोळ्यांदेखत, भर दुपारी घडलं.

मुळशी खोऱ्यात धरणाची भिंत उठत होती, तेव्हा हे पौडच्या शाळेत होते. आम्हा दोघांना एकच वेड — जुन्या वस्तू. लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याला ह्यांनी मला लुगड्याऐवजी मोराचा जुना अडकित्ता आणला, आणि मी इतकी हरखले की सासूबाईंनी कपाळाला हात लावला. रविवार आला की आम्ही गावोगाव निघायचो. लोक म्हणत, मास्तर आणि मास्तरीणबाईंना मोडीतल्या सामानाचं फॅड लागलंय. म्हणेनात का!

पाण्याखाली जाणाऱ्या एका गावात, भागूबाई नावाच्या शेतकरणीच्या ओसरीवर मला ती दिसली — धान्य मोजायची सागवानी अधोली, पितळी कड्यांची, हात लागून लागून गुळगुळीत झालेली. माझा जीवच जडला. भागूबाईचं बिऱ्हाड बांधून झालं होतं.

"घिऊन जावा, बाई," ती म्हणाली. "तिकडं माळावर भात न्हाई. म्या काय मोजू तिच्यात?"

घरातले बारा अधोल्या तांदूळही तिनं आम्हाला दिले. समोर मोजून दिले — लाभ, दोन, तीन... पहिल्या मापाला आपल्याकडे 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. ह्यांना ते कधीच पटलं नाही.

"लाभ ही संख्या नव्हे!" हे तिथंच पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ह्यांनी मोठ्या हौसेनं सतरंजीवर तांदूळ ओतले आणि स्वतः मोजायला बसले. एक, दोन, तीन... अकरा. पुढे दाणा नाही!

"वाटेत सांडले वाटतं," हे म्हणाले.

मग तेच तांदूळ मी मोजले. लाभ, दोन, तीन... बारा.

"अगं, तू माप सैल भरतेस."

"अहो, तुम्हीच शीग लावताय!"

मग पट्टी फिरवून माप सपाट केलं. वारा नको म्हणून खिडक्या लावल्या. मी 'एक' म्हणून सुरुवात केली — अकरा. ह्यांनी दात-ओठ खात 'लाभ' म्हटलं — बारा. शेजारणीचं माप आणलं, तर त्यात काहीही म्हणा, आकडा तोच. दिवेलागणीपर्यंत तांदळाचं पीठ व्हायची वेळ आली. मला हसू आवरेना, ह्यांना मात्र जेवण गेलं नाही.

मार्गशीर्षात, "तिलाच विचारू" म्हणून अधोली घेऊन आम्ही पिरंगुटच्या बाजूला भागूबाईचा पत्ता काढत गेलो. तिच्या नवऱ्यानं कुणाचं तरी भातखाचर वाट्यानं केलं होतं. खळ्यावर रास पडली होती, आणि भागूबाई ती मोजत होती... रॉकेलच्या डब्यानं. डब्याची कड कापते म्हणून हाताला चिंधी गुंडाळली होती. अधोली पाहून ती थबकली. मागितली नाही. नुसती पदराला हात पुसत राहिली.

खरं सांगते, मला द्यायची नव्हती. इतकी देखणी वस्तू आम्हाला पुन्हा मिळणार नव्हती, आणि तिच्यासाठी ह्यांनी पुस्तकांचं फडताळ रिकामं केलं होतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला, म्हणजे ठरवायचं मीच! मी अधोली तिच्या हातात ठेवली आणि मला रडूच आलं. तिलाही आलं.

हे मात्र मूळ प्रश्नावर! अकरा आणि बारा, पट्टी, खिडक्या, शेजारणीचं माप — सगळं रीतसर समजावून सांगितलं. भागूबाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मास्तर," ती म्हणाली, "आमी चार पिढ्या मोजतुया. पर येकदा मोजल्यालं पुन्यांदा मोजून कुनी बगितलं न्हाई."

आणि डबा बाजूला सारून ती मोजायला बसली.

ती बारावी अधोली कुठून येत होती, हे आम्हाला अजून कळलेलं नाही. त्या दिवशी रास संपेपर्यंत हे खळ्यावर उभे होते. किती मापं झाली म्हणून मी वाटेत विचारलं, तर म्हणाले, "मी मोजलीच नाहीत."