सॉल्व्हरला लिहिलेला अर्ज

आप्पा, म्हणजे माझे वडील, नंदुरबारजवळच्या प्रकाशा गावच्या शाळेत मराठी शिकवायचे. तीस वर्षं त्यांनी पोरांना ‘शे नाही, आहे म्हण’ असं दरडावलं आणि निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या महिन्यापासून तेच अहिराणी शब्द गोळा करायला लागले. केळीच्या बागेतल्या मजुरांकडून, शेजारच्या गुजराती वळणाच्या पाटलांकडून, नंदुरबारच्या बाजारात मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायांकडून. मी त्यांना चिडवायचे की पोरांच्या तोंडून काढलेले शब्द आता परत भरताय होय. ते हसायचे नाहीत, त्यांना ते खरंच वाटायचं.

नोकरी लागल्यावर मी त्यांना कॉम्प्युटरवर, लिनक्स या प्रणालीत चालणारा एक छोटा शब्दकोशाचा प्रोग्राम बसवून दिला होता. लिहिणाऱ्यानं तो पुढे वाऱ्यावर सोडला. पण आप्पांची बोटं त्यावर बसली होती, आणि त्याची साठवण्याची रीत अशी अजब की तो गेला तर आतले शब्द दुसऱ्या कुणाला उघडता येणार नाहीत. हा हलगर्जीपणा माझाच. वेळेवर दुसरीकडे उतरवून घ्यायला हवे होते, आज करू उद्या करू म्हणत राहिले.

गेल्या हिवाळ्यात त्यांची नजर गेली. डॉक्टरांनी सांगितलं, आता उजेड आणि सावली एवढंच कळेल. नाशिकहून मी गेले, तर ते कॉम्प्युटरसमोर बसून कळा दाबत होते आणि काय उमटतंय ते त्यांना ठाऊक नव्हतं. मला रडू आलं आणि रागही आला, नेमका कुणाचा ते सांगता येत नाही.

पडद्यावरचं मराठी वाचून दाखवणारा एक प्रोग्राम मला माहीत होता. तो बसवायला गेले. लिनक्सवर हे काम पॅकेज मॅनेजर करतो: मागितलेला प्रोग्राम आणतो, त्याला जे जे लागतं तेही आणतो. त्यानं मला बजावलं की वाचणारा हवा असेल तर शब्दकोश काढावा लागेल. दोघांनाही एकच लायब्ररी, म्हणजे प्रोग्रामांना सामायिक लागणारा तयार कोडचा संच, लागत होती, एकाला जुनी, एकाला नवी. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तसली गत.

मी हट्टी आहे. पॅकेज मॅनेजरला स्वतःला उत्तर सापडलं नाही तर तो प्रश्न बाहेरच्या सॉल्व्हरकडे पाठवू शकतो, म्हणजे फक्त असले गुंते सोडवणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामकडे. तसा मी पाठवला. उत्तर तेच आलं. हा बसवा, तो काढा. नावंसुद्धा नाहीत, नुसते क्रमांक.

मी कॉम्प्युटरला चार शिव्या दिल्या. आप्पा शेजारच्या खुर्चीत होते. त्यांनी विचारलं की तू त्याला लिहिलंस तरी काय, वाच. तो प्रश्न फाइलमध्ये उतरवून घेता येतो, तसा घेतला आणि वाचायला लागले. वर मागणी: काय बसवायचं. खाली एकेका पॅकेजची, म्हणजे प्रोग्रामची किंवा लायब्ररीची, नोंद: नाव, आवृत्ती, कशावाचून चालत नाही, कुणाशी पटत नाही, सध्या घरात आहे की नाही. अशा हजारो नोंदी. आप्पा म्हणाले, हा तर अर्ज आहे. मला तोवर हे कधी नीट दिसलंच नव्हतं. सॉल्व्हर कॉम्प्युटरला हात लावत नाही. त्याला आमचं घर माहीत नाही, गाव माहीत नाही. अर्जात असेल तेवढंच त्याचं जग. ते सगळं वाचतो, विचार करतो, दोन ओळींत उत्तर देतो आणि बंद होतो. मी वाचता वाचता थांबले, इतकं नवल वाटलं.

आप्पांनी मात्र मास्तरकीचा प्रश्न विचारला. “यामा आपला शब्दकोश ठेवा, असं कोठे लिखेल शे?”

मी म्हणाले, ते कशाला लिहायचं, तो तर बसवलेलाच आहे, नोंदीत तसं आहे.

“घरमा शे ते ऱ्हाईच, हाई त्याले कोन सांगी?”

पंधरा वर्षं कॉम्प्युटरचंच काम करून पोट भरते आणि हे मला त्यांनी सांगावं! नवी वस्तू तेवढी मागायची आणि असलेली राहणारच असं धरून चालायचं, ही आमच्या घराची जुनी खोड. मी मागणीत दोन्ही नावं लिहिली. या वेळी उत्तर आलं की मार्ग नाही. पण आता मी अर्ज ओळ न् ओळ वाचत होते, आणि वरच एक अट सापडली, जी मी घातलेलीच नव्हती. पॅकेज मॅनेजर आपल्या सवयीनं ती घालत होता: प्रत्येक पॅकेजची त्यानं निवडलेली आवृत्तीच घ्यायची, म्हणजे बहुधा सगळ्यात नवी. ती अट मी सैल केली आणि पुन्हा पाठवला.

काही क्षण पडद्यावर काही हललं नाही. मग एक क्रमांक आला. काढा असं कुठेच नव्हतं. तो क्रमांक पडदा वाचणाऱ्या प्रोग्रामच्याच एका मागच्या आवृत्तीचा होता. ती जुन्या लायब्ररीवर चालणारी, यादीत सगळ्यांत तळाशी पडलेली. मला ती सुचली नसती. हजारो नोंदींमधून, कुणाला न दुखावता जाणारी तेवढी एक वाट त्यानं शोधली होती, आणि ती कुणासाठी हे त्याला कधीच कळणार नव्हतं. मी उगाच हात जोडले.

ती आवृत्ती बसवली. तिचा आवाज पोरकट होता, पण मराठी स्पष्ट. आप्पांनी कळ दाबली आणि शब्दकोश जिथे उघडला तिथून तो वाचू लागला: जोयजे, म्हणजे हवे, पाहिजे. आप्पांनी त्याला थांबवलं. ते म्हणाले, गंमत बघ, पाहिजे हे पाहण्यावरून आलं आणि जोयजे हे गुजरातीतल्या जोवुंवरून, त्याचाही अर्थ पाहणंच. मग ते पुढची कळ चाचपू लागले. नुसत्या कानांवर काम करायला शिकायचं तर कुणीतरी शेजारी बसायला हवं होतं, हे मलाही कळत होतं. पण माझं परतीचं तिकीट दुसऱ्या दिवसाचं होतं, आणि लेकीकडे त्यांनी आजवर पाण्याचा पेलाही मागितला नव्हता.

“मले तू जोयजे,” ते म्हणाले. “आठ दिन.”

मी मान हलवली. ते तसेच माझ्या दिशेला तोंड करून थांबून राहिले. मग माझ्या लक्षात आलं, आणि मी मोठ्यानं म्हणाले, “ऱ्हासू, आप्पा.”