लाल बसच्या दोन ओळी

पक्षाघाताने यजमानांची वाचा गेली, तेव्हापासून अंबडच्या फ्लॅटमधून मीही फारशी बाहेर पडले नव्हते. स्पीच थेरपीच्या बाईंनी लहान मुलांचं चित्रांचं पुस्तक दाखवून त्यांना बोलतं करायला सांगितलं होतं. तेच तेच शब्द म्हणून मी इतकी कंटाळले, की एकेका चित्रावर दोन ओळी रचू लागले. बसच्या चित्राखाली लिहिलं:

लाल बस थांबली दारात,
आम्ही दोघं मात्र घरात.

वाचून दाखवताना शेवटचा शब्द मी मुद्दाम सोडला. बराच वेळ ओठ हलवून ते म्हणाले, "घरात."

कित्येक महिन्यांनी त्यांचा आवाज ऐकून मला रडूच आलं. "पुन्हा म्हणा ना," मी म्हटलं.

मग दिवसभर ते तेवढंच म्हणत राहिले. संध्याकाळी मी गॅलरीत गेले आणि दार ओढून घेतलं.