चांदीसकट वजन

गावातलं कुठलं पोर काय खातं, ते मला विचारा. कुणाला भातावर नुसतं वरण लागतं, कोण भाजी बघूनच रडतं, कोण झोपेतसुद्धा हातातलं खाऊचं पाकीट सोडत नाही, सगळं मला तोंडपाठ. बावीस वर्षं अंगणवाडी चालवतेय. ज्यांना मांडीवर बसवून खिचडी भरवली, त्यांची पोरं आता माझ्यासमोर सतरंजीवर बसतात. या बावीस वर्षांत मी आयांना इतकं बोललेय की गावातल्या निम्म्या बायका मला लांबून बघून वाट बदलतात. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट बरंच वाटायचं.

आमचं गाव बंदराच्या अंगाला, न्हावा शेव्याहून अर्ध्या तासावर. मिठागरं गेली, भाताची खाचरं गेली आणि घरटी एक ट्रेलर आला. बाप चार-चार दिवस गाडीवर. घरी येताना रिकाम्या हातानं कसा येईल? दुकानात टांगलेली पाकिटांची अख्खी माळच घेऊन येतो. तिखट, आंबट, फुगीर, रंगीत. पोर बापाच्या अंगावर झेप घेतं आणि बापाला वाटतं, ते आपल्यासाठीच धावलं. अशा बापांना मी त्यांच्याच दारात उभं करून सुनावलंय. चहा-बिस्कीट देऊ नका, भूक मरते. कोंबू नका, पोर ताटालाच घाबरायला लागतं. पुढ्यात ठेवा, सांडू दे, माखू दे, त्याचं त्याला खाऊ दे. हे सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला.

यातली एकही गोष्ट मी माझ्या घरात पाळली नाही.

माझ्या मुलानं लग्न स्वतःच्या मनानं केलं. तो ट्रेलर घेऊन ज्या गोदामात जायचा, तिथं ही मुलगी माल मोजायच्या कामाला होती. माहेर लांब, तळा गावाच्या पलीकडचं, भातशेती करणारं घर. आमच्या जातीतली नाही, आमच्या बाजूची नाही. मला ती आवडली नव्हती, हे लिहून टाकते. तिच्यात खोट काही नव्हती. पण मुलगा हातातून निसटला, त्याचा राग कुणावर तरी काढायला हवा होता आणि ती समोर होती. मासळी साफ करताना तिचा हात अडखळायचा, तेवढंही मला पुरायचं.

मग नात झाली. आमच्या घरात दोन पिढ्यांनी पहिली मुलगी. पाचवीच्या पूजेला मी तिला चांदीनं मढवून काढली. पायात जाड वाळे, हातात बिंदल्या, कमरेला घसघशीत साखळी. पाचवीची चांदी पोर पाच वर्षांचं होईपर्यंत अंगावरून उतरवायची नाही, हे माझ्या सासूनं मला सांगितलं होतं आणि मी सुनेला सांगितलं. पोर वाढेल तशी सोनाराकडून साखळी वाढवून घ्यायची, पण ती सोनारानं घरी येऊन, अंगावरच जोडायची. सुनेनं मान डोलावली. पहिल्या वर्षात ती फारसं काही बोलायचीच नाही.

नात वर्षाची झाल्यावर सून पुन्हा कामावर जायला लागली. सकाळी सातला गोदामाची बस. मग दिवसभर नात माझी. अंगणवाडी आमच्या घराला लागूनच, भिंतीला भिंत. मी तिला कडेवर घेऊन जायची. तिथं वीस-बावीस पोरं, खिचडीचं पातेलं आणि माझ्या हातात सरकारी मोबाइल. त्यात सगळं भरायचं. कोण आलं, काय शिजलं, कुणी किती खाल्लं. भरता भरता रेंज जायची, पुन्हा पहिल्यापासून. अशा वेळी नात पदर ओढून रडायला लागली की मी काय करायची? घरात जाऊन कपात चहा ओतायची, त्यात दोन बिस्किटं बुडवायची आणि तिला मागच्या दाराशी बसवायची. मागच्या दाराशी, कारण पुढे आया असायच्या.

दोनाची चार झाली, चाराची सहा. दुपारच्या खिचडीला ती तोंड लावत नव्हती. मोबाइलमध्ये मी तिच्या नावापुढे 'पूर्ण आहार घेतला' असं भरत होते.

संध्याकाळी सून दमून यायची, हातपाय धुऊन तांदळाची मऊ भाकरी आणि मुगाची आमटी कुस्करायची आणि लेकीला घेऊन बसायची. पोटात बिस्किटं असलेलं पोर कशाला जेवेल? ती मान फिरवायची. सून पुन्हा प्रयत्न करायची, पुन्हा मान फिरायची. आणि मी, जिला त्यामागचं कारण ठाऊक होतं, ती मी शेजारणीसमोर म्हणायची, "तुझ्या हाताला चवच नाय गो. पोर जेवंल कशी?"

मग वाटी तिच्या हातातून काढून घ्यायची. नातीला आडवी मांडीवर घ्यायची, तिचे दोन्ही हात माझ्या काखेत दाबायची आणि रडायला तोंड उघडलं की घास आत सारायची. निम्मं बाहेर यायचं, निम्मं जायचं. वाटी रिकामी झाली की सुनेसमोर आपटायची. "बघ, जेवली."

मी जिंकत होते. काय जिंकत होते, ते तेव्हा विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

दर महिन्याला अंगणवाडीत वजनं होतात. आमच्याकडे प्रत्येक पोराच्या अंगावर थोडीफार चांदी असतेच, म्हणून माझा एक नियम होता. चांदी उतरवायची, मगच पोर काट्यावर. एखादीची सासू फारच अडून बसली, तर तसलीच चांदी घरातून मागवून वेगळी मोजायची आणि वजा करायची. त्यावरून मी भांडणं केलीत. एका आईला तर सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "पोराचं वजन करायचंय मना, सोनाराचं नाय."

नात अडीच वर्षांची असताना एका महिन्यात मला उचलूनच कळलं. बावीस वर्षं पोरं उचलणाऱ्या हाताला काटा लागत नाही. तरी मी तिला काट्यावर उभी केली, चांदीसकट. आकडा आला सव्वादहा. मोबाइलनं हिरवा रंग दाखवला, पण अगदी काठावरचा. चांदी वजा केली असती तर कमी वजनाचा पिवळा झाला असता. माझ्याच घरातली पोर पिवळ्यात, हे गावाला कळलं असतं. सुनेला कळलं असतं.

जिला मी सोनारावरून बोलले होते, तीच आई रांगेतून म्हणाली, "बाई, तुमच्या नातीची नाय उतरवली?"

"तिची मी घरी मोजलीय," मी म्हटलं. मी आकडा भरला आणि पुढच्या पोराला हाक मारली.

पुढच्या महिन्यात तेच केलं. त्याच्या पुढच्या महिन्यातही.

याच दिवसांत सून एकदा लेकीला न्हाऊ घालून आणताना म्हणाली, "आई, ही हलकी लागते हो उचलताना. बरगड्या दिसाया लागल्यात. दाखवू का एकदा डॉक्टरला?"

मी मोबाइल उघडून तिच्या नाकासमोर धरला. "हिरव्यात हाय. दिसतंय ना? बावीस वर्सं हेच काम करतंय मी. आता तू मना शिकव."

ती बराच वेळ त्या हिरव्या ठिपक्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही बघताय म्हणून मला काळजी न्हाय." हे टोमणा मारून नाही, खरोखर म्हणाली. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. इतक्या वर्षांत मी तिला एक चांगला शब्द दिला नव्हता, तरी ठेवला.

त्यानंतर पंधरा दिवसांत नात तापानं फणफणली. मुलगा गाडी घेऊन गुजरातला गेलेला. मी आणि सून रिक्षानं दवाखान्यात गेलो. सिस्टरनं वजन विचारलं. सवयीनं मीच सांगितलं, "सव्वादहा."

सिस्टरनं पोरीकडे पाहिलं. "हे अंगावरचं सगळं काढा आधी. औषध वजनावर द्यायचं असतं."

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. "आई, काढू?"

तेव्हासुद्धा माझ्या तोंडून आलं, "पाच वर्सं काढायची नसते." पोर तापानं डोळे मिटून पडली होती आणि मी हे बोलत होते. सुनेनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. वाळे, बिंदल्या सगळं उतरवलं. साखळीची कडी निघेना, ती तिनं दातानं वाकवून काढली. काट्यानं पावणेदहाच्याही खालचा आकडा दाखवला.

डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टी लावून बघितली, पापण्या खाली ओढून बघितल्या. म्हणाल्या, "ताप उतरेल. पण हिचं वजन वयाच्या मानानं कमी आहे आणि रक्तही. तुमच्याकडे अंगणवाडीत दर महिन्याला वजन करत नाहीत का?"

"करतात," सून म्हणाली. एवढंच. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी अंगणवाडीची सेविका आहे, हे तिनं त्या बाईंना सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. त्या दुपारी सुनेनं खिळ्यावरची अंगणवाडीची चावी घेतली. मी मागोमाग गेले. तिनं तान्ह्या पोरांचा काटा खाली काढला आणि पदरातली चांदी त्यावर ठेवली. पाचशे वीस ग्रॅम. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर मलाही ओरडता आलं असतं. ती म्हणाली, "मला वाटायचं, माझ्याच हाताला गुण न्हाय. मी दोन म्हैने रोज रडले, आई."

मग तिनं चांदी माझ्या हातात दिली आणि काटा होता तिथं ठेवला.

मुलगा आल्यावर तिघं तळ्याला, सुनेच्या माहेरी निघाले. थोडे दिवस, असं म्हणाला. गाडीत बसताना तो मला म्हणाला, "आये, सगल्या गावाला शिकवतंस तू." पुढचं त्यानं गिळलं. मी त्याला म्हणू शकले असते की तूही पाकिटं आणत होतास. नाही म्हटलं. पहिल्यांदाच नाही म्हटलं.

महिन्याभरानं तिकडच्या सेविकेचा फोन आला. तरुण पोर होती, अदबीनं बोलत होती. "ताई, तुमची नात आमच्याकडं आलीय. तुमच्या नोंदीत ती हिरव्यात हाय आणि आमच्या काट्यावर पिवळ्यात येतीया. आमचा काटा बिघडला असंल का?"

मला क्षणभर वाटलं, हो म्हणावं. अनुभवी बाई म्हणतेय, ती मानेल, काटा दुरुस्तीला पाठवेल. मग म्हटलं, "काटा बरोबर हाय बाय. माझ्या नोंदी खोट्या हायेत." तिनं "बरं ताई" म्हटलं आणि फोन ठेवला.

त्यानंतर आणखी दोन महिने मी वाट बघितली. कुणी ये म्हणेना. शेवटी स्वतःच गेले. पेण, मग माणगाव, मग तळ्याची एसटी, आणि पुढे चालत. नातीनं मला अंगणातच पाहिलं आणि धावत आली. गळ्याला मिठी मारली. मी तिला उचललं. भरली होती. गाल वर आले होते, मांड्यांना वळ्या पडायला लागल्या होत्या. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

जेवायची वेळ झाली. त्या घरात पोरांना भरवत नाहीत. जमिनीवर पाट मांडतात, प्रत्येकाच्या पुढ्यात छोटी ताटली. नाचणीची भाकरी, वालाची आमटी, भात, दुधीची भाजी. ठेवतात आणि मोठी माणसं आपापल्या कामाला लागतात. माझी नात मामाच्या दोन पोरांच्या मधोमध बसली आणि आमटीत भाकरी बुडवून खायला लागली. हनुवटीवरून ओघळ गेला. कुणी पुसला नाही. दुधीची फोड तिनं हातात धरली, उलटीपालटी बघितली आणि तोंडात टाकली.

हे मी बावीस वर्षं लोकांना सांगत आले होते. आमच्या घरात ते कधी घडू दिलं नव्हतं.

माझ्यानं राहवेना. मी तिच्या बाजूला जाऊन बसले. हात आपोआप ताटलीकडे गेला, भाताचा घास झाला. कौतुकानंच केला होता. म्हटलं, "ये माझी बाय, आ कर."

नातीनं आधी माझ्या हाताकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. ती रडली नाही. तिनं ओठ घट्ट आत ओढून घेतले आणि दोन्ही हात पाठीमागे नेले, पकडले जाऊ नयेत म्हणून. मघाशी माझ्या गळ्यात पडलेली तीच पोर. मी घास परत ताटलीत ठेवला. तरी तिचे हात पुढे येईनात. शेजारची पोरं जेवत होती आणि ती हात मागे बांधून माझ्याकडे बघत बसली होती.

सून चुलीपाशी होती. ती आली, माझ्या खांद्याला हात लावला आणि हळूच म्हणाली, "आई, तुम्ही जरा बाहेर बसता? तुम्ही जवळ असलात की ती न्हाय जेवायची."

मी उठले. बाहेर ओटीवर जाऊन भिंतीला टेकून बसले. थोड्या वेळानं आतून नातीचा आवाज आला. ती आईकडे अजून भात मागत होती.