तळघरातली सकाळ

दर आठवड्याला इटियाडोह धरणाचे मासे घेऊन आमच्या दारी येणाऱ्या बाईचं नाव मी कधी विचारलं नाही. मासे तोलून झाले की मांजरीसाठी एक झिंगा वरून टाकायची तिची खोड मात्र मला पाठ आहे.

तळघरात पूर्वी आमची धानाची पोती असत. तिथे मोठं फिशटँक करायचं मी ठरवलं, तर बायको ऐकूनच घेईना. शेवटी मी या बाईलाच खाली नेलं. फरशीवर टाकीच्या मापाचा चौकोन खडूनं आखला होता. पंप कुठे, गाळणी कुठे, मी सांगत सुटलो.

"एवढ्या मासोया, अन् खायाची एकबी नाई?" ती पोटभर हसली. मग टोपलं खाली ठेवून, लुगडं आवरून थेट चौकोनाच्या मधोमध जाऊन बसली. काच बसलीय, पाणी भरलंय, अशा थाटात चहूकडे बघत राहिली.

"काऊन जी भाऊ," ती आतूनच म्हणाली, "इथं मासोयायले सकाळ झाली हे कसं समजन?"

याचा मी विचारच केला नव्हता.

आता टाकी झाली आहे. आपोआप लागणारा दिवा मी मुद्दाम घेतला नाही. उजाडलं की स्वतः खाली जाऊन बटण दाबतो. मासे घेऊन आली की ती फाटकातूनच ओरडते, "भाऊ, सकाळ केली का जी?"

परवा तापामुळे मी अंथरुणातच होतो. फाटकातून नेहमीची हाक आली.

बायकोनं स्वयंपाकघरातून उत्तर दिलं, "केली ना! मीच करून आली."