दोन दिवसांच्या गोळ्या

धाकट्या भावाला रक्ताचा कॅन्सर झाला, तेव्हा घरात फक्त माझा बोनमॅरो त्याला तंतोतंत जुळला. पुण्याच्या दवाखान्यात माझ्या पेशी त्याच्या अंगात गेल्या. दीड महिन्यानं त्याला घेऊन आम्ही जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटवर परत आलो, आणि नातेवाईक माझंच कौतुक करत सुटले. मला वैताग यायचा. मी काय केलं होतं, नुसती आडवी पडले होते.

निघताना डॉक्टरांनी मला बजावलं होतं. तुमच्या पेशींना त्याचं शरीर परकं वाटू शकतं. मग त्या सायटोकाइन नावाची रसायनं सोडून एकमेकींना बोलावून घेतात आणि सगळ्या मिळून त्याच्यावरच तुटून पडतात. त्यांना गप्प ठेवायला या गोळ्या, एकही चुकवायची नाही. गोळ्यांचा डबा माझ्या ताब्यात होता.

पंधरवड्यानं त्याचे तळहात लाल झाले, छातीवर पुरळ उठलं. आई मूळची वळसंग गावातली. तिनं बघितलं आणि म्हणाली, "देवी आल्यात. आता गोळी न्हाय द्यायची, देवी कोपती." तिनं स्वयंपाकात फोडणी बंद केली, अंथरुणाखाली कडुलिंबाचा पाला पसरला. इतके महिने डॉक्टरांपुढं नुसती मान हलवणाऱ्या माझ्या आईला एकदाचं तिला कळणारं दुखणं सापडलं होतं. चेहरा केवढा उजळला होता तिचा. मला सगळं ठाऊक होतं, तरी मी मिठाची गुळणी धरून बसले, डबा उघडला नाही. भांडायचा कंटाळा आला होता, खरं तेच सांगते.

तिसऱ्या दिवशी जुलाब लागले, डोळे पिवळे झाले. अँब्युलन्स करून आम्ही पुण्याला निघालो. वाटेत टेंभुर्णीजवळ आईचा डोळा लागल्यावर भाऊ हळूच म्हणाला, "आईला काय बोलू नको."

पुण्यात डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या चुकल्या होत्या का? आई माझ्याकडं बघत होती.

"माझ्याकडून राहिल्या," मी म्हणाले. "दोन दिवस."

तो गेला. गोळ्या चालू असत्या तरी कदाचित हेच झालं असतं, असं डॉक्टर म्हणाले. मी बरं म्हणाले. रडू आलं नाही, अजून आलेलं नाही.

आता कुणी भेटायला आलं की आई सांगते, हिच्याकडून गोळ्या राहिल्या. बहुतेक तिला ते खरंच वाटायला लागलंय. मी चहा टाकायला उठते. डबा माझ्याच ताब्यात होता की, खोटं कुठं बोलती ती.