टॉवेलवर उतरवलेले देव

हिल्सबरोतली ती घरफोडी अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. दोन हजारच्या दशकात मी परदेशात, माउंट रॉस्किलच्या पोलीस ठाण्यात कॉन्स्टेबल होतो, तिथला एकटा मराठी. सार्जंट माझे रिपोर्ट लाल पेनने तपासत. त्याच आठवड्यात त्यांनी मला 'बिलाय' हे इंग्रजी क्रियापद शिकवलं होतं. वरचं रूप आतल्या सत्याबद्दल चुकीची समजूत करून देतं, तिथे ते वापरायचं. आपल्याकडे म्हणतात ना, दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, तेच.

घर एका पुणेकर डॉक्टर जोडप्याचं. देव्हाऱ्याखालच्या खणातले आजीचे दागिने गेले होते. शेजारणीने फोनवर खबर दिली, दुपारी त्यांचा माळी खिडकीपाशी दिसला. माळ्याची मान आणि हात गोंदलेले, शिवाय पूर्वी तुरुंगात जाऊन आलेला.

"मला धरलंत तर माझी मुलगी पुन्हा परक्यांच्या घरी जाईल, बॉस," तो म्हणाला. सहा वर्षांची पोर सरकारने सोपवलेल्या परक्या घरातून महिन्यापूर्वीच त्याच्याकडे राहायला आली होती. सार्जंट अटकेच्या तयारीत होते.

मला एकच गोष्ट खटकत होती. कपाटं, गाद्या सगळं उलटंपालटं. देव मात्र धुतलेल्या टॉवेलवर ओळीने उतरवून ठेवलेले. देवांना असं जपणारा चोर आपल्यातलाच कुणी असावा. ही गोष्ट बाहेर बोलू नका, असं मी जोडप्याला बजावलं आणि घरी येणंजाणं असलेल्या त्यांच्या इंजिनिअर मित्राला जबाबासाठी बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, आवाज शांत.

"साहेब, मी पंधरा दिवसांत तिकडे फिरकलोच नाही. त्या माळ्याला धरा ना, असले हीप्स, ढिगाने आहेत इथे."

मी मुद्दाम खडा टाकला. "चोराने देव कार्पेटवर फेकले. पायदळी आले सगळे."

"फेकले नाहीत! टॉवेल घालून ठेव..."

त्याने मान खाली घातली. दागिने त्याच्या गाडीच्या डिकीत सापडले.

रिपोर्टात मी लिहिलं, त्याचा शांत आवाज त्याचा गुन्हा 'बिलाय' करत होता. सार्जंटनी तो दोनदा वाचला आणि लाल पेनचं टोपण उघडलंच नाही. माझी छाती फुगली, ती आजही फुगते. पण खरं सांगतो, पहिल्या दिवशी मीही त्या गोंदलेल्या हातांकडेच पाहिलं होतं. तेव्हापासून माणसाकडे दुसऱ्यांदा पाहिल्याशिवाय मी मत बनवलं नाही.

शनिवारी माळी ठाण्यात आला. "किया ओरा, बॉस," माओरीत नमस्कार करून एवढंच म्हणाला. शेजारी त्याची मुलगी उभी होती. तिने बापाचं बोट घट्ट धरलं होतं, आणि ते सोडवायची वेळ कुणावर आली नाही.